हाकललं की जवळ येणारं पाखरू

काल सकाळी दिवाळीचे रिकामे डबे घासून मी घराच्या धाब्यावर उन्हात पालथे घालत होते, तेवढ्यात वरून तो आवाज आला. करकोच्यांचा. आधी नुसता आवाज येतो, पाखरं मागून दिसतात. घशात पाणी घोळवल्यासारखी ती क्रुर्र क्रुर्र एकदा ओळखीची झाली की भर बाजारातही कानावेगळी होत नाही. खाली अकोल्याची गल्ली आपल्या नादात होती. कापसाच्या बैलबंड्या जिनाकडे निघाल्या होत्या, भाजीवाली वांग्यांवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होती. कुणी मान वर केली नाही. मी मात्र हातात डबा धरून, तो थवा पूर्णा नदीच्या अंगाला दिसेनासा होईपर्यंत तशीच उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "काहून वं, काय हाये वरतं?" मी म्हटलं, "माह्या माहेरचे लोक." ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

दर्यापूरजवळ, पूर्णेच्या काळ्या रानात माझं माहेर. तिथे पाखरू म्हणजे चोर. कणसं भरू लागली की भोरड्यांचे थवे असे उतरत की शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ क्षणात काळी होई. चिमण्या, राघू, होले, कवडे, सगळ्यांना आमचीच ज्वारी गोड लागे. तुरीला, कापसाच्या पऱ्हाटीला कुणी विचारत नसे. म्हणून ज्वारीत चार बल्ल्या रोवून वर माळा बांधायचा, त्यावर दिवसभर एकाने उभं राहायचं, आरोळ्या द्यायच्या, डबा बडवायचा, गोफण फिरवायची. आमच्या घरी हे काम माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज. "पोट्टीचा गळा हाये का शिंग?" असं लोक म्हणत आणि माय कपाळाला हात लावी. मुलीच्या जातीला असा आवाज असणं तिला धोक्याचं वाटे.

आता यातली खरी गंमत सांगते. गावात पाखरांचा सगळ्यांत जास्त लळा मला होता आणि त्यांना हाकलायला उभी केली होती तीही मीच. भोरड्या उठल्या की उन्हात त्यांच्या अंगावर जी गुलाबी झाक दिसते ती पाहण्यासाठी मी कधी कधी आरोळी जरा उशिराच देत असे. सुगरणीने घरटं अर्धं विणून का सोडलं, टिटवी नांगराच्या पुढ्यात अंडी कशाला घालते, नीलपंख तारेवर एकटाच का बसतो, असल्या प्रश्नांनी मी बाबांना भंडावून सोडी. बाबा शांत माणूस. कधी मोठ्याने बोललेले मला आठवत नाहीत. बैलालासुद्धा ते हळू आवाजात समजावून सांगत. माझं सगळं ऐकून झालं की म्हणत, "इचार थ्या टिटवीलेच." आणि कामाला लागत.

माझी आरोळी ठरलेली होती. "हाऽऽऽ हुर्र्याऽऽ हाऽऽ!" शेवटचा हा वर उचलायचा, म्हणजे तो नदीपर्यंत जातो. प्रत्येक माळ्याची आरोळी वेगळी असे. घरी बसलेल्या मायला ऐकूनच कळे की कुणाच्या वावरात पाखरू पडलं आणि माझी आरोळी थांबली असेल तर मी हुरडा खात बसले आहे.

माझ्या लग्नाआधीच्या कार्तिकात मला तुरीच्या ओळीत एक करकोचा सापडला. राखी अंग, काळी मान, डोळ्यांमागून निघालेले पांढरे झुपके आणि लालभडक डोळा. कुणाच्या तरी बंदुकीचा छर्रा लागून एक पंख लोंबत होता. थवा नदीकाठच्या हरभऱ्यात उतरला होता आणि हा एकटा मागे राहिला होता. मी हात पुढे केला तर त्याने असा टोचा मारला की रक्त आलं. मी हळद आणि तेल घेऊन आले, लुगड्याच्या चिंधीने पंख बांधला, तेव्हा दुसरा टोचा बसला. माय म्हणाली, "मरन थे. कायले जीव लावतं?" मी म्हटलं, "नाई मरन." एवढंच. मला तेव्हा वाद घालता येत नसे, पण एकदा म्हटलं की म्हटलं.

तो मेला नाही. तुरीत लपून राहू लागला. मी माळ्यावरून आरोळी द्यायची, सगळं रान भुर्रकन उठायचं, आणि पाखरं गेली की मी खाली उतरून झडलेल्या कणसातले दाणे तळहातावर घेऊन त्याच्याकडे जायची. आरोळी झाली की दाणे. पुन्हा आरोळी, पुन्हा दाणे. मी काही शिकवायला गेले नव्हते, पण तो शिकला. काही दिवसांनी असं झालं की मी "हाऽऽऽ हुर्र्याऽऽ" केलं रे केलं की हजार पाखरं आभाळात आणि हा एकटा तुरीतून लांब लांब ढांगा टाकत, पंख सावरत, थेट माळ्याखाली हजर. मान वर करून माझ्याकडे बघत उभा. बाबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला विळा ठेवून ते हसत सुटले. "दुनियेतलं पयलं पाखरू असन हे, हाकललं का जवळ येते!" आणि तो काही काम न करता आयतं खातो म्हणून त्याचं नाव त्यांनी जावईबुवा ठेवलं. रोज संध्याकाळी घरी आले की विचारत, "जावईबुवा जेवले का?" माय रागावे. खरा जावई शोधायची वेळ आली आणि हा माणूस पाखरांचे लाड करतो, म्हणे.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. हे मी उगाच म्हणत नाही. पुढे मुलं झाली, घर झालं, बरंच काही चांगलं झालं. पण माळ्यावर सकाळचं ऊन अंगावर घेत उभं राहणं, खाली हुरड्याच्या आगटीचा धूर, आणि त्या लाल डोळ्याने आपल्याला एकटक पाहणं, हे सुख निराळंच होतं. त्याला कसलंच कारण लागत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास आमराईत साहेबाचे तंबू पडले. दौऱ्यावरचा साहेब आणि त्याची मडम. पाटलांनी त्यांना हुरडा खायला नेमकं आमच्याच वावरात आणलं. मडमेने हुरडा चाखला न चाखला, तिचं लक्ष जावईबुवांवर गेलं. तो तिच्यासमोर मान झुकवून दोन उड्या मारून नाचला. करकोचे नाचतात, त्यांच्या मनात आलं की. ती टाळ्या पिटू लागली. दुसऱ्या दिवशी पाटलांचा निरोप आला की असं पाखरू नागपूरच्या बागेत ठेवायला पाहिजे, तिथे वाघ-सिंह आहेत, तऱ्हेतऱ्हेची पाखरं आहेत, साहेब स्वतः पाठवणार आहेत. साहेबाने मागितल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती आणि बाबांना तर नाही म्हणायची सवयच नव्हती. बांबूच्या टोपल्यावर टोपलं बांधून त्याला नेलं. बंडी गावाबाहेर जाईपर्यंत आतून क्रुर्र क्रुर्र येत होतं. मी माळ्यावर जाऊन बसले. त्या दिवशी आमची ज्वारी पाखरांनी मनसोक्त खाल्ली आणि मी हूं की चूं केलं नाही.

बाबांवर मी फार रागावले होते. ताट त्यांच्यापुढे आदळत होते. ते एकदा म्हणाले, "तिथं त्याले रोज दाना भेटीन. आपल्या इथं कोल्ह्यानं नेलं असतं." खरं होतं ते. पण खरं असल्याने राग जात नाही.

मग मी ठरवलं, नागपूरला जायचं.

आज आगगाडीत बसून नागपूरला जाणं म्हणजे काही नाही. पण आमच्या घरातून तोवर नागपूरला जो गेला तो दवाखान्यासाठी नाहीतर कोर्टासाठी. पाखरू पाहायला नागपूरला जायचं हे ऐकून माय खो खो हसली, मग तिला काळजी वाटू लागली. मी मात्र कामाला लागले. गावात जो जो नागपूर पाहून आला होता त्याला गाठायचं. "बागेत पाखरं कुठं ठेवतात?" एकजात सगळे वाघच सांगत. वाघ कसा गुरगुरला, वाघाचा वास कसा आला, वाघाने कुणाकडे कसं पाहिलं. पाखरांचं विचारलं की म्हणत, "होते ना, हिरवे, लाल." एक जण म्हणाला मोर होते. मोर पाहायला नागपूरला कशाला जायचं, आमच्या पऱ्हाटीत थोडे होते? शेवटी तुकारामबुवा शिंप्याने सांगितलं की तळ्यासारखं काही तरी आहे, जाळीने वेढलेलं, त्यात लांब पायांची पाखरं उभी असतात. लांब पायांची! मला तेवढं पुरे होतं.

रस्ताही मी मनात आखून ठेवला. कापसाच्या बंड्या मूर्तिजापूरला जातात, त्यातल्या एकीवर बसायचं. मूर्तिजापूरला आगगाडी. मग बडनेरा, मग वर्धा, मग नागपूर. ही नावं मी जात्यावर दळताना म्हणायची. आढ्याला मी ज्वारीचं एक जड कणीस टांगून ठेवलं, आमच्याच वावरातलं, त्या तुरीच्या ओळीजवळचं. मायने ते दोनदा दळणात घ्यायला काढलं आणि दोनदा मी ते परत टांगलं.

त्यातच माझी सोयरीक ठरली. अकोल्याची. मळेवाले लोक, चांगलं घर. वैशाखात लग्न. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आता गेले नाही तर कधीच जाता येणार नव्हतं. नव्या नवरीने सासरी जाऊन कुणाला म्हणायचं की मला नागपूरला पाखरू पाहायला न्या? आणि भीती एवढीच नव्हती. माझ्या मनात एक वेडगळ हिशेब बसला होता. दोन महिने जीव लावलेलं पाखरू मला विसरलं असेल, तर हे गाव, हा माळा, माय, बाबा, सगळेच मला विसरतील. मी अकोल्याला जाईन, माळ्यावर दुसरं कुणी उभं राहील, आरोळ्या देईल आणि झालं. म्हणून त्याने मला ओळखायलाच हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

सोनार घरी आला त्या दिवशी बाबांनी मला बोलावलं. "सांग पोरी, लग्नात काय पाह्यजे? पायातल्या तोरड्या करू का?"

"तोरड्या नोको. मले नागपूरले न्या."

सोनार हसला. माय आतून म्हणाली, "हे काय बोलनं झालं वं? बिना तोरड्यांची पोरगी सासरी पाठवू काय?"

"बिना तोरड्यांची जाईन," मी म्हटलं. "पन नागपूर पाहून जाईन."

बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "आन त्यानं वळखलंच नाई तं? पाखरू हाये थे."

"नाई वळखलं तं पुन्हा त्याचं नाव नाई घेनार. तुमच्यावरचा रागही सोडीन."

माझा राग त्यांना किती लागला होता हे मला तेव्हा कळलं, कारण त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "हरभरा सोंगून होऊ दे. होळीच्या आधी नेतो."

हरभरा सोंगायला मी इतकी कधी राबले नव्हते. हरभऱ्याच्या आंबट आंबीने बोटं फुटली. शेजारच्या बाया म्हणत, "लगीन ठरल्यावर पोरीले कामाचा लय हुरूप आला बापा." म्हणू दिलं.

आणि आम्ही गेलो. कापसाच्या बंडीवर मऊ मऊ बसून मूर्तिजापूर, मग ती आगगाडी, खिडकीतून डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी, बडनेऱ्याला फलाटावर पाण्यासाठी उडालेली झुंबड. बाबा सारा रस्ता तिकिटं हातात घट्ट धरून बसले होते. कणीस माझ्या पदरात बांधलेलं होतं. वर्ध्याच्या पुढे मी ते सोडून पाहिलं, दाणे सांडले तर नाहीत ना. नागपूरच्या रस्त्यांवर बाबा माझ्यापेक्षा जास्त बावरले. टांग्याची घंटा वाजली की ते मला ओढून कडेला घेत आणि "हळू बोल, लोकं पाहून राह्यले" म्हणत, मी बोललेली नसतानाही.

बागेत वाघ होता. आम्ही न थांबता पुढे गेलो. नागपूरला जाऊन वाघ न पाहणारे वऱ्हाडातले आम्हीच असू. जाळीचं ते तळं सापडलं. आत ढोक होते, बगळे होते, बदकं होती, आणि पलीकडे कोरड्या भागात करकोचे. एक नाही, थवाच होता. सगळे राखी, सगळ्यांच्या माना काळ्या, सगळ्यांचे झुपके पांढरे, सगळ्यांचे डोळे लाल. पंख कुणाचाच लोंबत नव्हता. मी जाळीला नाक लावून एकेकाला न्याहाळत राहिले. इतके दिवस मला एकच धास्ती होती, तो मला ओळखेल का. मी त्याला ओळखणार नाही हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. गावभर मिरवणारी मी, पाखराच्या सावलीवरून त्याचं नाव सांगणारी, आणि माझ्या जावईबुवांना त्या घोळक्यात शोधू शकत नव्हते. मला रडू फुटलं.

बाबा शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "चाल पोरी. चांगले हायेत सारे. त्यातच असन थो."

"त्यातच असन" यावर मी परत जाणार नव्हते. मी डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि छातीभर श्वास घेतला. बाबांना कळलं. "अवं, इथं नोको! शहर हाये हे..." पण तोवर माझी आरोळी सुटली होती.

"हाऽऽऽ हुर्र्याऽऽ हाऽऽ!"

बागेत एकदम हलकल्लोळ झाला. बदकं पाण्यात कोसळली. ढोक फडफडत मागच्या जाळीवर आपटले. छत्रीवाल्या बाया दचकून वळल्या. खाकी कपड्यातला राखणदार "ए बाई, ए बाई" करत धावत आला. करकोच्यांचा थवा पंख पसरून पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांत घुसला.

आणि त्यातून एक परत फिरला. थांबला, मान वर केली. मग लांब लांब ढांगा टाकत, बदकांमधून, पाण्याच्या काठाकाठाने, सरळ माझ्यासमोर जाळीशी येऊन उभा राहिला. त्याला माझ्या तोंडाशी काही घेणं नव्हतं. तो माझ्या हाताकडे बघत होता, दाण्यांसाठी.

मी पदराची गाठ सोडू लागले तर ती सुटेना. बाबांनीच सोडली. राखणदार म्हणाला, "बाहेरचं काही द्याले मनाई आहे." बाबा त्याच्याकडे वळले. जे बाबा साहेबाला नाही म्हणू शकले नव्हते ते म्हणाले, "बाहेरचं नाई भाऊ हे. त्याच्या घरचं हाये." राखणदाराने आमच्याकडे पाहिलं, पाखराकडे पाहिलं आणि बदकांना शांत करायला निघून गेला. जाळीतून दाणे खाताना त्याने माझ्या बोटाला एक टोचा मारला, पहिल्या दिवसासारखाच. मी हसत होते आणि रडत होते. बाबा नुसतं "जेवले, जावईबुवा जेवले" म्हणत होते.

वैशाखात माझं लग्न झालं. तोरड्यांशिवाय गेले, त्यावरून सासरी बोलणीही ऐकली. अकोल्याचं घर मोठं, माणसं पुष्कळ, आणि माझ्या आवाजावर पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली. नव्या सुनेने दबक्या आवाजात बोलायचं. मी तशी बोलू लागले. पाऊसकाळ गेला, दसरा गेला, दिवाळीला मला न्यायला माहेरचं मूळ आलं नाही, शेतात कामं होती. मी स्वतःला समजावत असे की विसरले नसतील. पण समजावावं लागत होतं.

मग एका सकाळी, दिवाळीनंतरच, असेच करकोचे वरून गेलेले. मी चुलीपुढे भाकरीचं पीठ मळत होते. ओसरीवर सासरे होते, दारात पाहुणे बसले होते, गल्लीत नळावर बायांची गर्दी. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहतो, आतून कुणी बोलावण्याची वाट पाहत. माझे बाबा तर असे की तासभर तिष्ठत उभे राहिले असते पण हाक मारली नसती.

आणि त्या भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, एक अडखळलेली, चिरकलेली, आयुष्यात कधी न दिलेली आरोळी आली.

"हाऽऽऽ हुर्र्याऽऽ हाऽऽ!"

शेवटचा हा त्यांना वर उचलता आला नाही. बायांच्या घागरी हातात तशाच राहिल्या, पाहुणे उठून उभे राहिले, सासूबाई "काय झालं वं माय" म्हणत बाहेर आल्या. मी मात्र पिठाच्या हातांनी, डोक्यावरचा पदर न सावरता, सगळ्यांच्या मधून धावत सुटले होते. बाबा रस्त्यात उभे होते, शरमेने लाल झालेले, आणि त्यांनी उपरण्याची गाठ सोडून ज्वारीचे दाणे तळहातावर घेतले होते.